रक्तातील स्निग्धांश : भार आणि संख्या

चाळिशीतील, अंगाने सडपातळ, कष्टकरी माणसास हृदयविकाराचा झटका यावा आणि त्याच्या रक्तातील कोलेस्टेरॉल मात्र जवळजवळ सामान्य आढळावे, हे विसंगत वाटते. तथापि, त्याची कारणमीमांसा करता येते.

स्निग्ध पदार्थ रक्तात विरघळत नाहीत. प्रथिनांनी बांधलेल्या सूक्ष्म कणांतून ते वाहून नेले जातात. ही प्रथिने म्हणजेच अपोलिपोप्रोटीन. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या बैलगाड्यांची रांग अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकांच्या परिचयाची आहे. गाडीतील ऊस म्हणजे कोलेस्टेरॉल. गाडीवान म्हणजे अपोलिपोप्रोटीन ‘बी’. रोहिणीस अपाय करणाऱ्या प्रत्येक कणावर या प्रथिनाचा एकच रेणू असतो. म्हणून गाडीवान मोजले की गाड्यांची संख्या कळते. रक्तात ट्रायग्लिसराइड वाढले म्हणजे कण लहान होतात व प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी मावते. अशा वेळी एकूण भार बेताचा दिसतो. गाड्या मात्र पुष्कळ असतात आणि रोहिणीच्या भिंतीत शिरणारे कणही वाढतात.

हा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. ‘इंटरहार्ट’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासातील दक्षिण आशियाविषयीचे निष्कर्ष नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतर देशांत ५८.८ व्या वर्षी येत असल्याचे त्यांना आढळले. झटका न आलेल्या व्यक्तींतही अपोलिपोप्रोटीन ‘बी’ चे संरक्षक ‘ए-१’ शी असलेले प्रमाण येथे ४३.८ टक्के लोकांत वाढलेले होते, इतरत्र ३१.८ टक्के.

यांखेरीज नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेला ‘लिपोप्रोटीन (ए)’ हा कण आहे. त्याचे प्रमाण मुख्यतः आनुवंशिक असून आहार वा व्यायामाने फारसे बदलत नाही. दर शंभर मिलिलिटर रक्तरसात ते ५० मिलिग्रॅमहून अधिक असल्यास धोका वाढतो. ही तपासणी प्रौढ वयात एकदा केली तरी बहुधा पुरते. प्रमाण अधिक आढळल्यास भावंडे व मुले यांचीही तपासणी करून घेणे इष्ट होय. तंबाखूचा त्याग, रक्तदाब व मधुमेह यांवर नियंत्रण आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे, यांनी एकूण धोका निश्चित घटविता येतो.

जामखेड येथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या प्रकल्पाने गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. कोणत्या घरात कोण अकाली गेले, याची माहिती अशा सेविकांस असते. महागड्या तपासणीपूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न तोच आहे. ज्या कुटुंबात पन्नाशीच्या आत कोणी हृदयविकाराने दगावले असेल, त्यातील सदस्यांनी सामान्य अहवालावर समाधान न मानता डॉक्टरांस ही गोष्ट आवर्जून सांगावी.