प्रेमाने वैर जिंकावे

अपकाराची फेड अपकाराने केली, तर वैर वाढते. प्रेमाने केली, तर ते निवते. येशू ख्रिस्ताची ही शिकवण पंडिता रमाबाईंनी आचरून दाखविली.

रमाबाईंचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले. पुढे ऐन तारुण्यात वैधव्य आले. इ. स. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा स्वदेशी त्यांच्यावर टीकेची झोड उठली. तरीही १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस विधवांसाठी 'शारदा सदन' काढले व पुढे ते पुण्यास नेले. तेथील काही मुली त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्या. पालकांना धर्मांतराची भीती वाटली. १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. सल्लागारांनी अंग काढून घेतले. कित्येक मुलींना घरचे लोक परत घेऊन गेले.

अशा वेळी रमाबाईंनी समाजाकडे पाठ फिरविली असती, तर नवल नव्हते. परंतु १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांना स्वतःची भूक आठवली. त्या तेथे गेल्या व सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांना आसरा मिळाला. तेच 'मुक्ती सदन' होय. तेथे त्या लिहिणे, विणणे, शेती व छपाई शिकल्या. अंध स्त्रियांनाही तेथे विद्या मिळाली.

टीकाकारांना रमाबाईंनी दिलेले खरे उत्तर हेच होते.

स्वाध्याय
१. पालकांनी मुली परत का नेल्या?
२. दुष्काळपीडितांचे दुःख रमाबाईंना आपले का वाटले?