वर्गात प्रत्येकाचं उत्तर हवंय? आधी शंभर रुपयांत करून बघा

"समजलं का?" असं विचारलं की पुढच्या बाकावरची चार मुलं माना डोलावतात आणि धडा पुढे सरकतो. मागच्या बाकावर काय पोचलं हे कळायचं तर उत्तर प्रत्येकाकडून घ्यायला हवं. त्यासाठी क्लिकरचा, म्हणजे बटण दाबून उत्तर द्यायच्या छोट्या रिमोटचा, संच घेऊन विक्रेता शाळेत आला, तर लगेच ऑर्डर देऊ नका.

हार्वर्डचे एरिक मझुर यांनी १९९१मध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात प्रत्येकाकडून उत्तर घेऊन मुलांत चर्चा घडवण्याची पद्धत रुजवली. नथॅनियल लासरी यांनी २००८मध्ये क्लिकर आणि हातात धरायची साधी कार्डं यांची तुलना केली, तेव्हा मुलांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही.

म्हणून सुरुवात कागदापासून करावी. प्लिकर्स हे अ‍ॅप मोबाइलच्या कॅमेऱ्यानं छापील कार्डं वाचतं; ती कार्डं त्याच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. एका पानावर दोन, म्हणजे चाळीस मुलांना वीस पानं. प्रिंटचा दर पाच रुपये धरला तर शंभर रुपये. जाड कार्डशीट वापरलीत तर थोडे जास्त, पण कार्डं टिकतात. चकचकीत लॅमिनेशन मात्र टाळा: उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असते, चार बाजूंना ए, बी, सी, डी बारीक अक्षरांत छापलेले. मूल आपल्या उत्तराची बाजू वर धरतं, शिक्षक मोबाइल वर्गावरून फिरवतात. शेजाऱ्याचं बघून कॉपी करता येत नाही. मोबाइल आणि इंटरनेट एकट्या शिक्षकांकडे असलं की झालं. प्रोजेक्टर नसेल तर प्रश्न फळ्यावर लिहा. फुकट खात्यात एका संचात पाच प्रश्न बसतात, एका तासिकेला तेवढे पुरतात. मुलांच्या नावांऐवजी हजेरी क्रमांक भरा.

कहूट किंवा मेंटिमीटर अशा ऑनलाइन साधनांना प्रत्येक मुलाच्या हातात मोबाइल लागतो, त्यामुळे ती कॉलेजलाच सोयीची. त्यांच्या फुकट योजनेत सहभागींच्या संख्येची मर्यादा असते. पैसे भरणार असाल तर डॉलरच्या किमतीवर बँकेचं परकीय चलन शुल्क आणि कर किती चढतो ते आधी बघा, आणि आपोआप होणारं नूतनीकरण बंद करून ठेवा.

क्लिकरच घ्यायचे ठरले, तर दरपत्रकात एवढं लेखी मागा: रिमोट हरवला तर सुट्या रिमोटची किंमत, रिसीव्हरची वॉरंटी, सेल कोणते, सॉफ्टवेअरचं शुल्क एकदाच की दरवर्षी, आणि प्रश्न मराठीत नीट दिसतात का. हे शेवटचं समोर बसून करून दाखवायला सांगा.

खरा खर्च प्रश्न तयार करण्यात जाणाऱ्या शिक्षकांच्या वेळेचा आहे. चुकीचे पर्यायही मुलांच्या नेहमीच्या चुकांतून घेतलेले असावे लागतात. मझुर यांच्या पद्धतीत साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं उत्तर बरोबर आलं, तर शेजारच्याशी चर्चा करून पुन्हा कौल घेतात. याच्या तयारीसाठी मुख्याध्यापकांनी शिक्षकांना आठवड्यातून एक मोकळी तासिका द्यावी. कार्डांवर एक सत्र नीट चालल्याशिवाय शाळेनं यंत्रावर पैसे घालू नयेत.