वस्त्रावरील छपाई : निवड कशी करावी ?

सुरतेचे नाव आणि कापड हे समीकरण फार जुने आहे. आपल्या संघटनेतील सभासदांपैकी कोणी कापडात आहेत, कोणी हिऱ्यात, तर कोणी प्रस्तुत लेखकाप्रमाणे धान्यात. परंतु पर्युषणातील स्वयंसेवकांचे सदरे, पाठशाळेतील मुलांचे गणवेश, यात्रासंघाची उपरणी किंवा दुकानातील माणसांचे पोशाख नाव व चिन्ह घालून करवून घेण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो. त्या वेळी बहुधा एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे, "स्वस्तात कोण करून देतो ?" हा प्रश्न योग्य आहे, पण तो शेवटी विचारावयाचा आहे.

मागणीनुसार छापून घेणे ही काही नवी गोष्ट नाही. इ. स. १६४३ मध्ये लंडनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या चालकांनी आपल्या सुरतेच्या वखारीस कळविले होते की, येथून येणाऱ्या रजयांची जमीन गडद तांबडी असते, ती तिकडे खपत नाही. पांढरी जमीन अधिक ठेवून मध्यभागी रंगीत फुले व फांद्या काढाव्यात. त्याच शतकात आपले विरजी व्होरा सुरतेत बसून या कंपनीस कर्ज देत होते. आपल्याकडील छिटांचा रंग धुतल्यावरही टिके, हे युरोपात मोठे आश्चर्य होते. तुरटी व लोह यांच्या साहाय्याने रंग धाग्यास बांधण्याची विद्या हे त्याचे कारण. आजही सर्व प्रश्न तोच आहे : रंग धाग्यात शिरतो, की वर बसून राहतो ?

निवडीसाठी आपल्या शास्त्रातील द्रव्य, क्षेत्र, काल व भाव ही चतुष्टयी उत्तम उपयोगी पडते. कोणतीही पद्धत सर्वस्वी चांगली अथवा सर्वस्वी वाईट नसते. अमुक अपेक्षेने ती चांगली असते. अनेकान्ताचा हा पाठ बाजारातही खरा ठरतो.

१. द्रव्य

प्रथम कापड कशाचे आहे ते पाहावे. एक धागा काढून जाळावा. सूत कागदासारखे जळते व मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळते व त्याचा कठीण मणी बनतो.

पॉलिएस्टर हे सुरतेचे मुख्य कापड. त्यावर सब्लिमेशन छपाई शोभते. तीत रंग आधी कागदावर छापतात, मग सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेत कागद कापडावर दाबतात. रंगाची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. त्यामुळे हाताला काहीही लागत नाही आणि धुण्याने रंग जात नाही. मात्र जमीन पांढरी किंवा फिकी हवी, कारण या पद्धतीत पांढरा रंग छापताच येत नाही. सुती धागा हा रंग धरून ठेवत नाही. टेरीकॉटमध्ये केवळ पॉलिएस्टरचा अंश रंगतो, म्हणून छाप फिकट उठतो.

एका यात्रासंघाने सुती सदरे मागविले होते. छापणाऱ्याने आपल्याकडील यंत्र हेच म्हणून त्यावर सब्लिमेशन केले. दोन धुण्यांत संघाचे नाव पुसट झाले आणि दात्यांनी साधारण खात्यात दिलेले पैसे वाया गेले. यंत्र चांगले होते, रंगही चांगला होता. कापड मात्र त्या रंगाचे नव्हते.

सुती कापडास दोन मार्ग आहेत. पिगमेंट छपाईत रंग चिकट द्रव्याच्या योगे पृष्ठभागावर बसतो; ती सोपी व स्वस्त, परंतु घासण्याने झिजते. रिॲक्टिव्ह रंग (ते १९५६ मध्ये प्रथम बाजारात आले) सुताशी रासायनिक रीतीने जोडले जातात. ते टिकाऊ, पण वाफ देणे व पुष्कळ पाण्याने धुणे आवश्यक असते.

२. क्षेत्र

क्षेत्र म्हणजे वस्त्रावरील जागा. छातीवरील लहान चिन्हास यंत्रावरील भरतकाम सर्वांत शोभिवंत व टिकाऊ. परंतु पातळ कापड भरतकामाने आकसते व सुरकुत्या पडतात. पाचसहा मिलिमीटरहून लहान अक्षरे वाचता येत नाहीत, देवनागरीच्या वेलांट्या व मात्रा तर विशेषच बिघडतात. भरतकामाचा दर टाक्यांच्या संख्येवर असल्यामुळे पाठभर मजकूर भरणे परवडत नाही. तेथे स्क्रीन छपाई योग्य. मात्र जाड प्लॅस्टिसोल शाईचा मोठा पट्टा पाठीवर आला तर वारा अडतो व उन्हात चालणाऱ्या यात्रेकरूचे हाल होतात. म्हणून मोठ्या छापात मोकळी जागा ठेवावी.

३. काल

वस्त्र किती दिवस वापरावयाचे आणि किती दिवसांत हवे, हे दोन्ही ठरवावे. वरघोड्याच्या एका दिवसासाठी जे पुरते ते वर्षभराच्या गणवेशास पुरत नाही. थोडे नग तातडीने हवे असतील तर डीटीएफ पद्धत सोयीची. तीत चित्र फिल्मवर छापून चिकट भुकटीच्या साहाय्याने कोणत्याही रंगाच्या कापडावर दाबतात. परंतु तो एक थरच असल्याने वारंवार धुण्याने त्यास तडे जाऊ शकतात. असे कपडे उलटे करून थंड पाण्यात धुवावेत व छापावर इस्त्री फिरवू नये.

धुण्यातील टिकाऊपणा १ ते ५ या श्रेणीत मोजतात, ५ सर्वोत्तम. कारखान्याकडून ही श्रेणी लिहून मागता येते. घरची कसोटीही सोपी आहे : ओल्या पांढऱ्या फडक्याने छाप दहा वेळा घासावा, नमुना पाच वेळा धुवावा आणि मगच संमती द्यावी.

४. भाव

भाव या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत, आणि येथे दोन्ही लागू पडतात.

पहिला दराचा. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगास वेगळी चौकट लागते. समजा, एका चौकटीस ५०० रुपये पडतात. चार रंगांच्या चित्रास २,००० रुपये झाले. १० नग असतील तर प्रत्येकी २०० रुपयांचा बोजा, ५०० नग असतील तर केवळ ४ रुपयांचा. म्हणून नग जास्त व रंग कमी असतील तर स्क्रीन. नग थोडे व रंग अनेक असतील तर डिजिटल. एक रंग कमी केला तरी पुष्कळ बचत होते.

दुसरा अंतःकरणाचा. नवकार मंत्र किंवा तीर्थंकरांची प्रतिमा अंगावरील कपड्यावर छापू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. ते वस्त्र घामाने भिजणार, पायदळी पडणार आणि शेवटी त्याचे पोतेरे होणार. ही आशातना आपणच विकत घ्यावी काय? भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवी वर्षात, १९७४-७५ मध्ये, सर्व पंथांनी स्वीकारलेले जैन प्रतीकदेखील काढून ठेवता येईल अशा बिल्ल्यावर घ्यावे. सदऱ्यावर संघाचे व गावाचे नाव पुरेसे आहे.

अहिंसेचा विचारही येथेच येतो. रेशमासाठी कोषातील जीव मारले जातात. लाखेचा व कोचिनिअलचा तांबडा रंग कीटकांपासून मिळतो, मंजिष्ठेचा वनस्पतीपासून. पूर्वी स्क्रीनची जाळी रेशमाची असे, आज ती पॉलिएस्टरची मिळते. पाण्याचा वापरही पाहावा : पिगमेंट व सब्लिमेशन छपाईनंतर धुण्याची सहसा गरज नसते, रिॲक्टिव्हला असते. अप्कायाच्या जीवांची दया मानणाऱ्याने सांडपाणी शुद्ध करून सोडणाऱ्या कारखान्यासच काम द्यावे. आपण तापीच्या काठी राहतो, हे विसरून चालणार नाही.

काम देताना पुढील गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : कापडाची जात, नगसंख्या व मापे, छापाची जागा व लांबी-रुंदी, रंगांची संख्या, छपाईची पद्धत, धुण्यातील टिकाऊपणाची श्रेणी, माल देण्याची तारीख आणि मंजूर नमुन्याचा एक नग दोघांच्या सहीनिशी. मजकुराचे मुद्रित एका शुद्धलेखन जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे. पाचशे सदऱ्यांवरील ऱ्हस्व-दीर्घाची चूक मागाहून सुधारता येत नाही.

धान्याच्या बाजारात पोत्यात परखी घालून वानगी पाहिल्याशिवाय सौदा होत नाही, मग पोत्यावरील मार्का कितीही सुबक असो. वस्त्राच्या बाबतीतही हीच रीत पाळावी. आधी द्रव्य ओळखावे, मग क्षेत्र व काल पाहावा, आणि दोन्ही अर्थांचा भाव ठरवूनच हात पुढे करावा.