खुल्या प्रोटोकॉलच्या नावाचा ट्रेडमार्क: सरकारी फी थोडी, बाकीचे जास्त

खुल्या प्रोटोकॉलचा तपशील कोणीही वाचावा, त्यावर कोणीही सॉफ्टवेअर लिहावे, इथवर सगळे एकमताने चालतात. तेच नाव लावून कोणी अर्धवट किंवा मोडके सॉफ्टवेअर बाजारात आणले की मग ट्रेडमार्कची आठवण होते. फी भरण्याआधी एकच प्रश्न सोडवा: नोंदवायचे आहे ते प्रोटोकॉलचे नाव, की तुमच्या उत्पादनाचे?

दोन्हींना एकच नाव दिले की काय होते, हे दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिनसाठी वापरल्या जाणाऱ्या एसएसएचच्या बाबतीत दिसले. फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ते लिहिले, कंपनी काढली आणि २००१ मध्ये त्याच प्रोटोकॉलचे खुले सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ओपनएसएसएचवाल्यांना नाव बदलायला सांगितले. तोवर प्रोटोकॉलला लोक याच नावाने ओळखू लागले होते. ओपनएसएसएच आजही ओपनएसएसएचच आहे, आणि इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफच्या २००६ च्या मानकात ट्रेडमार्कची सूचना तेवढी आहे. जॅबर या संदेशवहन प्रोटोकॉलची वाट वेगळी. आयईटीएफने २००४ मध्ये तो प्रोटोकॉल एक्सएमपीपी या नावाने मानक केला आणि जॅबर हा ट्रेडमार्क त्या नावाच्या कंपनीकडे राहिला. माझ्या मते नव्या मंडळींनी हीच वाट धरावी: प्रोटोकॉलला रुक्ष, वर्णनात्मक नाव द्यावे आणि पैसे उत्पादनाच्या किंवा 'चाचणी उत्तीर्ण' अशा खुणेच्या नावावर खर्चावेत. वर्णनात्मक नावाची नोंदणी तशीही अवघडच असते.

आता भारतातला हिशेब. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांसाठी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालय मुंबईत आहे, पण अर्ज ऑनलाइनच करा. कागदी अर्ज महाग पडतो. व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर माल-सेवांच्या प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, बाकी सगळ्यांना ९,०००. प्रोटोकॉलसाठी बहुधा वर्ग ९ (सॉफ्टवेअर) आणि ४२ (सॉफ्टवेअर सेवा) लागतात, संदेशवहनाची सेवा चालवत असाल तर ३८ सुद्धा. आधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्या, तो फुकट असतो. बोधचिन्हापेक्षा शब्द आधी नोंदवा. बोधचिन्ह दर चार वर्षांनी बदलते.

इथे एक मोह होतो. संस्था काढायला वेळ लागतो, म्हणून सध्या एकाच्या वैयक्तिक नावावर अर्ज करू, फीही निम्मी. दोन वर्गांत ९,००० रुपये वाचतात खरे. पुढे संस्थेच्या नावावर हस्तांतर करताना त्याच ९,००० ची फी भरावी लागते, वर करारनामा, मुद्रांक शुल्क आणि वकील. मधल्या काळात तो माणूस दुरावला तर वेगळीच कटकट. नाव दुसऱ्याच्या हाती गेले की परत मिळवणे सोपे नसते: लिनक्स हे नाव १९९५ मध्ये अमेरिकेत एका तिऱ्हाइताने नोंदवून घेतले होते. ते लिनस टोरवाल्ड्सकडे १९९७ मध्ये, तडजोडीनंतरच आले.

अर्जानंतर परीक्षण अहवालात आक्षेप आला तर ३० दिवसांत उत्तर द्यायचे. सरकारी फी नाही, पण वकिलाचे बिल इथूनच वाढते. वकील ठरवताना अर्ज, आक्षेपाचे उत्तर आणि सुनावणी यांचे दर वेगवेगळे विचारून लिहून घ्या. घाई असेल तर जलद प्रक्रियेला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाकडून २०,००० आणि इतरांकडून ४०,००० रुपये घेतात. खुल्या प्रकल्पाला क्वचितच परवडते. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतो. त्याची फी वर्गामागे २,७०० रुपये. दुसऱ्याच्या अर्जाला हरकत घ्यायला तुम्हालाही तेवढेच मोजावे लागतील, म्हणून जर्नलवर नजर ठेवणाऱ्या माणसाचा वेळही खर्चात धरा.

सुसंगतता तपासून 'हे आमच्या प्रोटोकॉलला धरून आहे' असे शिक्के द्यायचे असतील तर प्रमाणन ट्रेडमार्क अधिक योग्य. त्यासाठी नियमावली जोडावी लागते, आणि ज्या मालाला शिक्का द्यायचा त्याचा व्यापार ट्रेडमार्कच्या मालकाला स्वतः करता येत नाही. म्हणजे उत्पादन विकणाऱ्या कंपनीने हा मार्ग सोडून द्यावा.

परदेशात लगेच धावू नका. अमेरिकेत मूळ फी वर्गामागे ३५० डॉलर, युरोपीय संघात पहिल्या वर्गाला ८५० युरो. माद्रिद या आंतरराष्ट्रीय नोंदणी व्यवस्थेच्या मार्गाने बरेच देश एका अर्जात घेता येतात: ६५३ स्विस फ्रँक मूळ फी, देशनिहाय फी वेगळी आणि भारतीय कार्यालयाचे ५,००० रुपये. मात्र पहिली पाच वर्षे सगळे भारतीय नोंदणीवर टेकलेले असते; ती पडली तर बाकीचेही पडते.

प्रकल्पावर अपाची २.० परवाना असेल तर त्यातच लिहिले आहे की नाव वापरण्याची परवानगी त्यात येत नाही. त्यामुळे वेगळे एक-दोन पानी धोरण लिहा: 'अमुक प्रोटोकॉल वापरतो' असे कोणीही म्हणू शकतो, पण उत्पादनाच्या नावात तो शब्द घालायला विचारावे लागेल. हे तुम्हीच लिहिलेत तर खर्च शून्य.

नोंदणी दहा वर्षे टिकते. नूतनीकरण ऑनलाइन वर्गामागे ९,००० रुपये, आणि तिथे व्यक्तीला सवलत नाही.