ख्रिस्ताचे नाव आणि भगताचा दोरा

(शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १९:८–२०)

इफिस शहराची ही हकिकत आमच्या मंडळ्यांत पुष्कळदा वाचली जाते. परंतु तिच्यातील एक गोष्ट बहुधा वाचकाच्या नजरेतून निसटते. अठराव्या वचनात आपली कृत्ये उघड करावयास जे पुढे आले, ते बाहेरचे लोक नव्हते. त्यांनी विश्वास धरिला होता. पौल त्या शहरी दोन वर्षे तुरन्नाच्या पाठशाळेत शिकवीत होता, तरी विश्वास धरिलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी मंत्रतंत्राची पुस्तके होतीच. तेव्हा हा पाठ मंडळीबाहेरच्या मांत्रिकाविषयी नसून मंडळीतील आम्हांविषयी आहे.

कल्याणाच्या पुढे आगगाडीने निघाले म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही गावे एकामागून एक लागतात. दुसऱ्या महायुद्धात शिपायांसाठी बांधिलेल्या छावणीत १९४७ नंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, त्यांचे उल्हासनगर झाले. अंबरनाथास कारखाने आले. बदलापुरापलीकडे डोंगराच्या पायथ्याशी मात्र आजही ठाकूर व कातकरी बांधवांचे पाडे आहेत आणि तेथे भगत आहे. परंतु जादूटोणा हा रानातल्या अडाण्यांचाच रोग आहे असे शहरच्या भावांनी समजू नये. ज्या लोकलगाडीने ते कामावर जातात, तिच्या डब्यांत चिकटविलेल्या जाहिराती त्यांनी वाचाव्या: नोकरी, प्रेमविवाह, वैऱ्याचा नाश, सर्व काही पैसे देऊन मिळते म्हणे! हे वाचणारे व त्या बाबांकडे जाणारे शिकलेले लोक असतात.

आता स्किवाच्या सात पुत्रांकडे पाहू. त्यांनी कोणा परक्या देवतेचे नाव घेतले नाही; येशूचेच नाव घेतले. तरी त्या भूतग्रस्ताने त्यांस उघडे व घायाळ करून घराबाहेर पिटाळिले. नाव खरे होते, मग चूक कोठे झाली? त्या नावाचा त्यांनी मंत्र केला. ज्याचे ते नाव, त्याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. मांत्रिक अदृश्य शक्ती आपल्या मुठीत आणू पाहतो. प्रार्थना करणारा स्वतःला देवाच्या हाती देतो. गेथशेमाने बागेत आमच्या प्रभूने प्याला टळावा म्हणून मागितले, तो टळला नाही, आणि त्याने पित्याच्या इच्छेपुढे मान लवविली. असा मंत्र कोणत्याही पंचाक्षऱ्याच्या पोथीत सापडणार नाही.

ह्यावरून आम्ही आपल्या घरांकडे पाहावे. दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गळ्यात क्रूस बांधणे, भूत येऊ नये म्हणून उशाखाली पवित्र शास्त्र ठेवणे, अमक्या सभेतील तेलाची बाटली पैसे देऊन आणणे, हे सर्व भगताच्या दोऱ्याचेच भाऊबंद आहेत, केवळ नाव बदलले आहे. कोणी म्हणेल, ‘पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन रोगी बरे झाले, ते कसे?’ प्रश्न रास्त आहे. परंतु लूक तेथेच सांगतो की ते सामर्थ्य देवाचे होते व ते असाधारण होते; पौलाने रुमालांचे दुकान मांडिले नाही. शोमरोनात शिमोनाने पैसे पुढे केले, तेव्हा पेत्राने त्यास कसे झिडकारले ते आठव्या अध्यायात वाचावे.

भगताविषयी आम्ही अन्यायाने बोलू इच्छीत नाही. पुष्कळ भगत झाडपाला उत्तम जाणतात, आणि ते ज्ञान काही पाप नव्हे. पाप येते ते निराळ्या वाटेने. मूल दगावले, गाय आटली, की कौल लाविला जातो, आणि कौलाचे उत्तर बहुधा एक नाव असते. कोणा तरी विधवेस, कोणा एकट्या म्हातारीस भुताळी ठरविले जाते; मग तिला मारहाण होते, गावाबाहेर घालविले जाते, कधी जिवेही मारिले जाते. शेजाऱ्यावर प्रीती करावयास शिकलेल्या मनुष्याने असे उत्तर मागावयास जावेच कसे? डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांनी अनेक वर्षे ज्या कायद्यासाठी खटपट केली, तो त्यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यावर त्याच वर्षी झाला. त्यान्वये कोणास करणी करणारा ठरवून त्याचे जगणे कठीण करणे, भूत काढण्याच्या निमित्ताने मारणे वा मिरचीची धुरी देणे, सर्पदंश झालेल्यास औषधोपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणे, हे सर्व गुन्हे आहेत; शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कारावासाची आहे. कथित चमत्कार दाखवून पैसे उकळणेही त्यात येते, आणि तेथे हिंदू भगत व ख्रिस्ती उपदेशक असा भेद केलेला नाही, हे आमच्या काही सभा भरविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

सर्पदंशाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण पावसाळ्यात येथे जीव जातात ते ह्याच गोंधळाने. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्यास चावते. दुखत नाही, दाताची खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि घरचे म्हणतात, ‘करणी झाली.’ उतारा करण्यात जो वेळ जातो, त्यात श्वास बंद पडतो. भगताच्या हातून कित्येक बरे होतात हे खरे. परंतु बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. अशा प्रसंगी उपदेशकाने प्रार्थना वाटेत करावी. प्रथम १०८ क्रमांकास फोन करावा, अथवा मिळेल त्या वाहनाने रोग्यास विषावरील लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून किती तरी लेकरे वाचविली. आम्ही त्यास देवाची देणगीच मानितो.

तरी एक गोष्ट उपदेशकांपाशी बोलली पाहिजे. आमचा भाऊ रात्री चोरून भगताकडे का जातो? भगत बोलाविताच येतो, रात्रभर उशाशी बसतो, सारे दुःख ऐकून घेतो. आम्ही दारात उभे राहून दोन मिनिटे प्रार्थना करितो व दुसऱ्या रविवारी त्यास मंडळीपुढे दोष देतो. त्या रात्री आमच्यापैकी कोणी तेथे बसला असता, तर तो गेला असता काय?

आणि इफिसकरांनी जाळिली ती आपली स्वतःची पुस्तके. पन्नास हजार रौप्य नाण्यांचा माल विकून मंडळीस दान देता आले असते. त्यांनी तसे केले नाही, कारण ते विष दुसऱ्याच्या घरी गेले असते. शेजाऱ्याचे देऊळ मात्र त्यांनी फोडिले नाही. पौलाच्या सोबत्यांनी देवळे लुटिली नाहीत वा देवीची निंदा केली नाही, अशी साक्ष त्याच अध्यायाच्या ३७ व्या वचनात शहराचा कारभारीच देतो. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे आहे. तेथे भक्तीने जाणाऱ्या शेजाऱ्यास भगताच्या करणीशी एका मापाने मोजणे अज्ञानाचे व उद्धटपणाचे होय.

नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्याच्या मनगटावर दोरा दिसला, तर तो उपदेशकाने आपल्या हाताने तोडू नये. कदाचित तो त्याच्या म्हाताऱ्या आईने उपास धरून बांधिला असेल. तिच्याशी बोलावे, तिच्या लेकाच्या दुखण्याची चौकशी करावी, रुग्णालयात त्याच्याबरोबर जावे. दोरा ज्याचा त्याने सोडावा, आणि त्यास काही महिने लागले तरी त्या अवधीत त्यास मंडळीच्या सहवासातून दूर ठेवू नये.