मोटारीला सीएनजी किट बसविण्यापूर्वी

भाजीपाला, फुले किंवा दूध बाजारात पोहोचविण्यासाठी अनेक शेतकरी स्वतःची मोटार वापरतात. पेट्रोलचा खर्च वाचावा म्हणून सीएनजी किट बसविण्याचा विचार असल्यास प्रथम आपल्या धावेचा हिशोब मांडावा. हे किट प्रत्येकाला परवडतेच असे नाही.

सीएनजी म्हणजे काय?
सीएनजी म्हणजे दाबाखाली भरलेला नैसर्गिक वायू. त्यात मुख्यतः मिथेन असतो व तो सुमारे २०० बार दाबाने साठवितात. ६० लिटर पाणी मावेल एवढ्या सिलिंडरमध्ये साधारण ८ ते ९ किलो वायू बसतो. पोलादी सिलिंडर जड असल्याने मालाची जागा व वजन दोन्ही घटतात.
नेहमीचे किट पेट्रोल इंजिनासाठी असते. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे त्यात मोठे फेरफार करावे लागतात.

खर्चाचा हिशोब
उदाहरणादाखल पेट्रोल १०५ रुपये लिटर व धाव १५ किलोमीटर धरू. दर किलोमीटरला ७ रुपये खर्च येतो. सीएनजी ९० रुपये किलो व धाव २० किलोमीटर धरल्यास खर्च साडेचार रुपये येतो, म्हणजे अडीच रुपये वाचतात. किटचा खर्च ६०,००० रुपये असल्यास तो २४,००० किलोमीटरनंतर वसूल होतो. रोज ८० किलोमीटर जाणाऱ्यास त्यासाठी ३०० दिवस लागतात, तर रोज २० किलोमीटर जाणाऱ्यास सव्वातीन वर्षांहून अधिक. आपल्या भागातील दर घालून हाच हिशोब करावा. पंप वाटेवर नसेल, तर जादा फेरीचा खर्चही धरावा.

गोबरगॅस चालेल का?
घरच्या संयंत्रातील वायू थेट मोटारीत भरू नये. त्यात मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के असतो. उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा असतो, तर थोडा हायड्रोजन सल्फाइड धातू गंजवितो. शुद्धीकरण करून उच्च दाबाने भरल्यावरच तो मोटारीस योग्य ठरतो. शेण, प्रेसमड, पिकांचे अवशेष यांपासून असा वायू तयार करण्यास उत्तेजन देण्यासाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ योजना सुरू केली.

घ्यावयाची काळजी
१) किट मान्यताप्राप्त केंद्रातच बसवावे. परिवहन कार्यालयाकडून नोंदणीपत्रावर नोंद करून घ्यावी व विमा कंपनीस कळवावे.
२) सिलिंडरची दाबचाचणी दर ३ वर्षांनी करावी. जुने सिलिंडर घेताना चाचणीची तारीख पाहावी.
३) मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने बंद शेडमध्ये छताखाली साठतो. म्हणून शेडला वरच्या बाजूस झरोके ठेवावेत.
४) वास आल्यास इंजिन बंद करून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा व दारे उघडावीत. विजेचे बटण दाबू नये, काडी ओढू नये.
५) सिलिंडर किंवा नळीजवळ वेल्डिंग करू नये.