मनगटावरच्या विजेचा जमाखर्च

तुमच्या आजोबांना एकदा विचारा, "तुम्ही घड्याळाला किल्ली केव्हा द्यायचात?" बहुतेक आजोबा सांगतील, "रोज, ठरलेल्या वेळी." १९६१ साली बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, या कारखान्यात जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे तयार होऊ लागली. पुढे 'जनता'सारखी किल्लीची घड्याळे घरोघरी पोहोचली. त्यांतली स्प्रिंग पूर्ण आवळली की घड्याळ साधारण दीड दिवस चाले. म्हणून रोज किल्ली देण्याचा नेम पाळावा लागे.

मग क्वार्ट्झ घड्याळे आली. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेइको कंपनीने असे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. नखाएवढा घट एकदा घातला की दोन-तीन वर्षे पाहायला नको! आणि आता मनगटावर स्मार्टवॉच आले आहे. ते मात्र दर एक-दोन दिवसांनी चार्जरवर ठेवावे लागते. म्हणजे आपण फिरून किल्लीच्या काळात आलो की काय? घड्याळे सुधारली की बिघडली? या प्रश्नाचे उत्तर गुणाकार-भागाकाराने मिळते. वही-पेन्सिल जवळ घ्या.

तीन वर्षे पुरणारा घट

क्वार्ट्झच्या चिमुकल्या स्फटिकाला वीज दिली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे. तिला २ ने पंधरा वेळा भागा. बरोबर १ उरतो. हा भागाकार घड्याळातले छोटेसे मंडल करते आणि सेकंदाला एकदा काटा पुढे सरकवते. काटा सरकवणाऱ्या मोटरला वीज मिळते ती दर सेकंदातले फक्त काही सहस्रांश सेकंद. उरलेला सारा वेळ ती स्वस्थ बसलेली असते.

अशा घड्याळाचा सरासरी विद्युतप्रवाह सुमारे एक मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग असतो. घटाची क्षमता समजा २८ मिलिअँपिअर-तास आहे. एक मायक्रोअँपिअर म्हणजे ०.००१ मिलिअँपिअर. २८ ला ०.००१ ने भागले की २८,००० तास येतात. त्यांचे दिवस करा, ११६६ होतात. तीन वर्षांहून थोडे अधिकच!

प्रकाशाची किंमत

१९७२ साली अमेरिकेत 'पल्सर' नावाचे आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक घड्याळ विक्रीस आले. त्याची किंमत होती २१०० डॉलर! काळ्या काचेमागे लाल एलईडी दिव्यांचे आकडे उमटत. पण वेळ पाहायची तर दुसऱ्या हाताने बटण दाबावे लागे आणि आकडे क्षणभर दिसून मालवत. कारण उघड आहे. आकडे सतत तेवत ठेवले असते तर घट फार लवकर संपला असता. पुढे द्रवस्फटिकाची, म्हणजे एलसीडीची घड्याळे आली. द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाही. तो बाहेरून येणाऱ्या प्रकाशाला फक्त वाट देतो किंवा अडवतो. त्याला वीज अगदी थोडी लागते, म्हणून त्याचे आकडे दिवसरात्र दिसत राहतात.

आजच्या बऱ्याच स्मार्टवॉचचा पडदा ओएलईडी जातीचा असतो. त्यातला प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो आणि काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर बारीक काटे दाखवणारी तबकडी, रंगीत छायाचित्राच्या तबकडीपेक्षा कमी वीज खाते. मनगट उचलले की पडदा उजळतो आणि खाली केले की मालवतो, ही सोय म्हणजे त्या जुन्या बटणाचीच सुधारलेली आवृत्ती आहे.

एका दिवसाचा जमाखर्च

आता स्मार्टवॉचचा हिशेब मांडू. घटाची क्षमता ३०० मिलिअँपिअर-तास आणि सरासरी दाब ३.८ व्होल्ट धरा. दोहोंचा गुणाकार ११४० मिलिवॉट-तास. ही झाली आपली जमा. खर्च काढायचे सूत्र सोपे आहे:

ऊर्जा = शक्ती × वेळ

पुढचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहेत. घड्याळागणिक ते बदलतील.

१. मूळ खर्च (कालमापन, पावले मोजणे, फोनशी ब्लूटूथने संपर्क): १२ मिलिवॉट × २४ तास = २८८
२. मनगट उचलल्यावर उजळणारा पडदा, दिवसातून २०० वेळा प्रत्येकी ९ सेकंद, म्हणजे अर्धा तास: २०० मिलिवॉट × ०.५ तास = १००
३. सकाळी धावताना तासभर जीपीएस: २५० मिलिवॉट × १ तास = २५०
४. पडदा मंद का होईना पण जागेपणी सतत चालू: २० मिलिवॉट × १५ तास = ३००

फक्त पहिल्या दोन गोष्टी वापरल्या तर रोजचा खर्च ३८८ मिलिवॉट-तास. ११४० ला ३८८ ने भागा, घड्याळ जवळजवळ तीन दिवस चालेल. धावण्याचे जीपीएस मिळवले तर खर्च ६३८ होतो आणि घड्याळ पावणेदोन दिवसांच्या आसपास येते. सततचा पडदाही मिळवला की खर्च ९३८, आणि घड्याळ जेमतेम २९ तास तग धरते.

आता दुसरी आणि चौथी ओळ शेजारी शेजारी ठेवून पाहा. २०० मिलिवॉट खाणारा लखलखीत पडदा दिवसात १०० मिलिवॉट-तास घेतो आणि अवघे २० मिलिवॉट खाणारा मंद पडदा ३०० घेतो! शक्ती एकदशांश, पण खर्च तिप्पट. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे. पण थेंबे थेंबे गळणारा नळ रात्रभरात बादलीही भरतो. विजेच्या हिशेबात 'किती' याच्याइतकेच 'किती वेळ' यालाही महत्त्व आहे.

जीपीएसला एवढी वीज का लागते? त्याचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तेथून येणारे संदेश अतिशय क्षीण असतात. ते गोंगाटातून वेचून काढायचे, अनेक उपग्रहांचे संदेश एकत्र करून आपली जागा ठरवायची, आणि हे दर सेकंदाला करायचे म्हणजे गणकाला भरपूर राबावे लागते. स्वतःचे सिमकार्ड असलेल्या घड्याळाला आणखी एक काम असते. मोबाइलचा मनोरा दूर असेल तर त्याला जास्त जोराने 'ओरडावे' लागते. म्हणून घाटात, डोंगरदऱ्यांत असे घड्याळ लवकर दमते.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे या. ९३८ मिलिवॉट-तासांचा खर्च २४ तासांत होतो, म्हणजे सरासरी शक्ती सुमारे ३९ मिलिवॉट. क्वार्ट्झ घड्याळाची दीड मायक्रोवॉटच्या आसपास. स्मार्टवॉच त्याच्या सुमारे पंचवीस हजार पट वीज खाते! तरी ते एक दिवस चालते, याचा अर्थ घट बिघडला नाही, उलट पुष्कळ सुधारला. कामच अफाट वाढले.

घट भरतो कसा?

स्मार्टवॉचमध्ये लिथियम-आयन घट असतो. त्याच्या संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या घटात एका बाजूस ग्राफाइटचे थर, दुसऱ्या बाजूस बहुधा कोबाल्टयुक्त ऑक्साइडचे थर आणि मध्ये आयनांना वाट देणारा द्राव असतो. घट भरताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. घड्याळ वापरताना ते परत फिरतात. ही ये-जा म्हणजेच घटाचे आयुष्य.

घट भरताना एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. पहिले ५० टक्के भराभर होतात, शेवटचे २० टक्के रेंगाळतात. एस.टी. डेपोत लागते तेव्हा काय होते ते आठवा. पहिले उतारू झटपट बसतात. शेवटच्यांना मोकळी जागा शोधत आत सरकावे लागते. चार्जरही असेच वागतो. सुरुवातीला तो ठरावीक प्रवाह देतो. घटाचा दाब ठरलेल्या मर्यादेला, साधारण ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोड्या अधिक दाबाला पोहोचला की तो दाब स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू कमी करत नेतो.

पुष्कळ घड्याळे चार्जरला नुसती चिकटवून ठेवली की भरतात. येथे तारेचा संबंध येत नाही. चार्जरमधल्या वेटोळ्यातून उलटसुलट प्रवाह वाहतो आणि त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे घड्याळातल्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले हेच विद्युतचुंबकीय प्रवर्तन. मात्र या मार्गाने थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. चार्जरवरून काढलेले घड्याळ कोमट लागते त्याचे हेही एक कारण.

घटाचे म्हातारपण

ग्राफाइटच्या पृष्ठभागावर हळूहळू एक पातळ थर साचत जातो. त्यात काही लिथियम कायमचे अडकते आणि ये-जा करणारे आयन कमी होतात. घट पूर्ण भरलेला असताना आणि गरम असताना ही क्रिया वेगाने होते. येथेही 'किती वेळ' हाच प्रश्न आहे. घट १०० टक्के भरला म्हणून लगेच बिघडत नाही. पण भरलेला आणि तापलेला घट तासन् तास, रोजच्या रोज तसाच राहिला तर तो लवकर म्हातारा होतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या घरात जाते. अशा वेळी खिडकीतल्या उन्हात किंवा बंद मोटारीत घड्याळ चार्जिंगला ठेवणे म्हणजे घटाचे आयुष्य हाताने तोडणे होय.

"घट पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नये," असे काही जण सांगतात. हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम घटांच्या काळातला आहे. लिथियम-आयन घटाला तो लागू नाही. ३०-४० टक्क्यांवर भरायला घेतले तरी बिघडत नाही, उलट बरेच. दोन दिवस रोज ५० टक्के भरलेत, तर दोन्ही मिळून एकच पूर्ण फेरी मोजली जाते. अंघोळ आणि न्याहारीच्या वेळात घड्याळ चार्जरवर ठेवले तर बऱ्याचदा दिवसाची तरतूद होते आणि रात्री झोपेची नोंदही चुकत नाही.

जुने घड्याळ फेकावे का?

काही शेकडा फेऱ्यांनंतर घटाची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. आपल्या उदाहरणात ११४० चे ९१२ मिलिवॉट-तास होतील. रोजचा खर्च ९३८ असेल तर घड्याळ पूर्ण दिवसही टिकणार नाही. आपण म्हणतो, "घड्याळ गेले!" पण सततचा पडदा बंद करा. खर्च ६३८ वर येतो आणि तेच म्हातारे घड्याळ ३४ तास चालते. घट पाचव्या हिश्शाने कमी झाला, पण खर्च त्याहून अधिक कमी केला, इतकेच. घड्याळ टाकून देण्याआधी हा हिशेब अवश्य करावा. कारण त्याच्याबरोबर लिथियम, कोबाल्ट, तांबे अशी खाणीतून कष्टाने काढलेली द्रव्येही कचऱ्यात जातात.

घट खरोखरच संपला असेल तर तो जाणकाराकडून बदलून घ्यावा. घड्याळाची पाठ किंवा पडदा फुगून वर आलेला दिसला तर आत वायू साठला आहे असे समजा. त्या घड्याळाचा वापर आणि चार्जिंग लगेच थांबवा आणि मोठ्यांना सांगा. ते उघडण्याचा, दाबण्याचा किंवा टोचण्याचा प्रयत्न मुळीच करू नका, आग लागू शकते. असे घट घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावेत. भारतात २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार वापरलेले घट परत गोळा करण्याची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर आहे.

करून पाहा

घरातले स्मार्टवॉच किंवा फोन घ्या. रोज सकाळी ७ आणि रात्री ९ वाजता घट किती टक्के आहे ते वहीत लिहा. या मधल्या वेळात तो चार्ज करू नका. पहिले तीन दिवस नेहमीसारखा वापर करून सरासरी घट काढा. नंतर प्रत्येक तीन दिवसांत एकच गोष्ट बदला: आधी सततचा पडदा बंद, मग तो पूर्ववत करून तबकडी काळी, मग ठोक्यांची सततची मोजणी बंद. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. शिक्षकांनी वर्गातल्या सर्व नोंदींचा एकत्र स्तंभालेख काढून घ्यावा. घरात कोणी तब्येतीसाठी घड्याळ वापरत असेल तर त्यांच्या घड्याळावर मात्र प्रयोग करू नका.

सोडवा पाहू

१. घट २५० मिलिअँपिअर-तास, दाब ३.८ व्होल्ट, रोजचा खर्च ४७५ मिलिवॉट-तास. घड्याळ किती दिवस चालेल?

२. नाडीचे ठोके मोजणारा हिरवा दिवा आणि त्याचे मंडल मिळून ५ मिलिवॉट घेतात असे धरा. ते २४ तास सतत चालू ठेवले तर खर्च किती? दर दहा मिनिटांत फक्त ३० सेकंद चालू ठेवले तर किती?

(उत्तरे: १. दोन दिवस. २. १२० मिलिवॉट-तास, ६ मिलिवॉट-तास.)